बदकें बोलावण्याची पिपाणी : आद्य कोणती व विश्वसनीय कोणती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रानबदकांच्या शिकारीस जाणारा मनुष्य जवळ एक लहानशी पिपाणी बाळगतो व ती फुंकून उडत्या थव्यास पाण्याकडे वळवितो. ही पिपाणी विश्वसनीय कोणती, हा प्रश्न दिसावयास शिकाऱ्याचा आहे. पण तिचा इतिहास पाहूं जातां, जुन्या वस्तूंच्या संग्राहकांसही त्यांतून बोध घेण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम आद्यत्वाचा वाद घेऊं. इलिनॉय प्रांतांतील मॉनमथ येथील फ्रेड अ‍ॅलन यानें इ. स. १८६३ च्या सुमारास अशा पिपाण्या केल्या, अशी तिकडील संग्राहकांत परंपरा आहे. उलट डेट्रॉइटच्या एलम फिशर यास पिपाणीबद्दल पेटंट मिळालें तें १८७० सालचें. परंपरेपेक्षां सरकारी दप्तरांतील कागद बळकट, हें खरें. तथापि तो कागद सिद्ध काय करतो? त्या सालीं फिशरनें आपली कृति नोंदविली, एवढेंच. त्यापूर्वीं कोणी पिपाणी केली नव्हती, हें त्यावरून ठरत नाहीं. सबब १८७० ही निश्चित उत्तरमर्यादा धरावी व अ‍ॅलनचा हक्क संभाव्य म्हणून मोकळा ठेवावा, असें आमचें मत आहे.

आतां विश्वसनीयतेकडे वळूं. फिशरच्या पिपाणीस नळी नव्हती. लांकडाच्या दोन पट्ट्यांमधील जीभ ओंठांनीं दाबून स्वर काढावा लागे. पुढें रूढ झालेल्या पिपाणीचे मुख्य भाग असे : फुंकावयाची नळी, तींत घट्ट बसणारें बूच, बुचावरील पन्हळीची पट्टी, तीवर कांपणारी पातळ जीभ, व जीभ जागीं धरणारी पाचर. जिभेची लांबी आणि तिच्या व पट्टीच्या मधली फट यांवर स्वर अवलंबून असतो. लांकूड ओलाव्यानें फुगतें, धातूची जीभ किंचित् वांकली कीं स्वर बिघडतो. आणि हें सर्व साधन वापरावयाचें दलदलींत, पावसांत व थंडींत! टेनेसी प्रांतांतील रीलफूट सरोवराकडील व्हिक्टर ग्लोडोसारख्या कारागिरांच्या धातूच्या जिभेच्या पिपाण्या नामांकित झाल्या, परंतु त्यांचा स्वर जुळविण्यास जाणता हात लागे.

या अडचणीवर इलिनॉयमधील पेकिन गांवच्या फिलिप ओल्ट यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं कठीण रबराचा उपाय काढला. त्याची 'डी-२' पिपाणी दिसावयास साधी, काळी; पण रबर पाण्यानें फुगत नाहीं, व सांच्यांतून निघाल्यामुळें एक नग दुसऱ्यासारखाच उतरतो.

या गुणाची खरी किंमत १९३५ नंतर वाढली. तोंपर्यंत पाळीव बदकें पाण्यांत बांधून त्यांच्या ओरडण्यानें रानबदकें उतरविण्याची चाल होती. ती त्या वर्षीं मध्यवर्ती सरकारनें बंद केली. आवाजाचा सारा भार आतां मनुष्याच्या फुंकरीवर आला. १९३६ सालीं आर्कन्सा प्रांतांतील स्टटगार्ट येथें बदकांची हांक काढण्याचे सामनेही सुरू झाले.

मग निवड करावी कशी? मॅलर्ड जातींत मोठ्यानें ओरडते ती मादी. नराचा आवाज घोगरा व मंद असतो. तेव्हां मादीची हांक लांबवर स्पष्ट पोंचते काय, हलक्या फुंकरीसही जीभ उत्तर देते काय, आणि भिजल्यावर स्वर तोच राहतो काय, या तीन कसोट्या लावाव्या. नक्षी, दुर्मिळता व वय यांस येथें स्थान नाहीं.

पोथ्यांच्या बाबतींत हाच न्याय आपण मानतों. सर्वांत जुनी प्रत सर्वांत शुद्ध असतेच असें नाहीं. मूळ पाठ अविकृत पोंचविणारी प्रत प्रमाण. संग्राहकाच्या कपाटांत कोरीव लांकडी पिपाणीस मान मिळतो, तो योग्यच आहे; मात्र तो मान प्रामाण्याचा नव्हे. संग्रहाच्या यादींत 'जुनी' आणि 'विश्वसनीय' हे दोन रकाने वेगळे ठेवावे, ही आमची सूचना आहे.