ड्रमर माती
अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या हिमनदीनिर्मित मैदानावरील काळी, चिकणसर पोयट्याची माती. २००१ मध्ये तिला ‘राज्य-माती’ म्हणून मान्यता मिळाली. हिमनद्यांच्या वितळपाण्याने पसरलेल्या गाळावर वाऱ्याने आलेली बारीक माती साचली. उंच गवताच्या कुजलेल्या मुळांनी ती सुपीक झाली. सखल, सपाट भूभागामुळे पाण्याचा निचरा अत्यल्प होतो व प्राणवायूअभावी खालचे थर करडे पडतात. एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून पाणी काढले जाऊ लागले आणि पाणथळ जागी मक्याची शेते उभी राहिली. मात्र अशाच नळ्यांवाटे शेतांतील नायट्रेट मिसिसिपी नदीमार्गे मेक्सिकोच्या आखातात पोहोचते. तेथे शेवाळ माजून तळाच्या पाण्यातील प्राणवायू घटतो व जलचरांवर संकट ओढवते.