कवितेची चाल : पंतोजीपासून पडद्यापर्यंत

आपल्या प्राथमिक शाळांतील संगीताचा इतिहास लिहावयाचा तर आरंभ कोठून करावा? कोणी म्हणेल पलुसकरांपासून, कोणी म्हणेल ग्रामोफोनपासून. मला विचाराल तर मी पावकी-निमकीपासून करीन. पंतोजीच्या शाळेत संध्याकाळी परवचा चाले. एक मुलगा पुढे म्हणे, बाकीची पोरे मागून म्हणत. दिडकी, अडीचकी, औटकी ही नुसत्या बुद्धीने ध्यानात राहण्यासारखी नाहीत. ती राहिली ती सुरामुळे. संगीत शिकवतो आहोत असे त्या पंतोजीस स्वप्नातही वाटले नसेल. पण एकाने पुढे म्हणावे व इतरांनी उचलावे, ही आपल्या गायनशिक्षणाची पहिली रीत त्याच ओसरीवर रुळली.

पाठ्यपुस्तके आली आणि पावकीशेजारी कविता येऊन बसली. इथे एक गोष्ट आजच्या वाचकास मुद्दाम सांगावयास हवी. जुन्या मास्तरांस प्रत्येक कवितेला नवी चाल लावावी लागत नसे. ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या आणि भुजंगप्रयातासारखी दोनचार वृत्ते, एवढ्यांच्या चाली गळ्यात असल्या की काम भागे. वृत्त ओळखले की चाल आपोआप आली. कधी न पाहिलेली दिंडी मुलापुढे टाकली तरी ते ती गाऊन दाखवी. शब्द वेगळे, साचा तोच. संगणकाचा कार्यक्रम याहून निराळा काय असतो? एकदा रीत घालून द्यावी आणि मग तीत हवा तो मजकूर ओतावा.

ही व्यवस्था मोडली ती यंत्राने नव्हे, कवितेने. मुक्तछंद आला, गद्याच्या वळणाची कविता आली, आणि मास्तरांच्या गळ्यातला साचा तिला बसेना. चाल लावणे हे आता रचनाकाराचे काम झाले, आणि प्रत्येक शिक्षक रचनाकार कोठून असणार? बहुसंख्य वर्गांतून कविता गाण्याऐवजी वाचल्या जाऊ लागल्या. ध्वनिमुद्रित चालीची गरज खरी येथे उत्पन्न झाली. ती नीट ध्यानी घेतल्यावाचून पुढचा इतिहास उमगत नाही.

दरम्यान संगीत शाळेबाहेर फार पुढे गेले होते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तके लिहिली, आणि त्यांची स्वरलिपी घरोघर गेली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली ठिपका, ताराला वर. लिपी सुटसुटीत खरी. पण तार षड्जावरचा ठिपका आणि आपला अनुस्वार दिसायला सख्खे भाऊ, त्यामुळे नवखा विद्यार्थी 'सां' असे नाकात गाऊ लागला तर दोष कोणाला द्यावा? असो. ही विद्या गायनाच्या वर्गांतून रुजली; चौथीपर्यंतच्या साध्या शाळेत मात्र ती फारशी उतरली नाही.

तिकडे अमेरिकेत १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून काही सेकंदांचे संगीत वाजवून घेतले. इलिनॉय विद्यापीठात १९६० च्या सुमारास 'प्लेटो' नावाची शिकवणारी यंत्रव्यवस्था उभी राहिली, आणि पुढे तिच्यावर कान तयार करण्याचे धडेही चढले. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जीन बॅम्बर्गर या बाईंचे काम. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात सीमोर पेपर्ट यांची 'लोगो' ही मुलांसाठी केलेली संगणकभाषा होती. तिच्या साहाय्याने बाईंनी मुलांपुढे सुटे स्वर न ठेवता सुरावटीचे अख्खे तुकडे ठेवले व ते जुळवून गाणे तयार करा म्हणून सांगितले. मूल गाणे ऐकते ते तुकड्यांनी, ओळींनी. एकेका स्वराने नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हे वाचताना मला हसू आले. परवचा म्हणवून घेणाऱ्या पंतोजीला हेच ठाऊक होते, फक्त त्याने त्यावर प्रबंध लिहिला नाही.

आपल्याकडे १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या योजनेतून काही माध्यमिक शाळांत संगणक आले. इंग्लंडहून आलेल्या त्या यंत्रांत एका वेळी तीन स्वर काढण्याची सोय होती. परंतु योजना संगणक-साक्षरतेची, त्यामुळे गाण्याचा विचार तीत नव्हता. आणि प्राथमिक शाळेच्या उंबऱ्यापर्यंत तर ती आलीच नाही.

तो उंबरा ओलांडला गेला त्याची हकिगत आमच्या सोलापूर जिल्ह्यातलीच आहे. माढे तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. शाळा म्हणजे गोठा आणि कोठार यांच्यामधली एक मोडकी इमारत. मुलांची घरची बोली कानडी, पुस्तक मराठी. डिसले यांनी पुस्तके मुलांच्या भाषेत नेली आणि पानापानावर क्यूआर संकेत, म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा तो चौकोनी ठसा, छापला. मोबाइल त्याच्यावर धरला की गायलेली कविता, चित्रफीत, गोष्ट, गृहपाठ समोर हजर. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ही रीत उचलली, मग केंद्राच्याही. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील दहा लक्ष डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. वर्तमानपत्रांनी रकमेवर रकाने भरले. माझे लक्ष मात्र 'गायलेली कविता' या दोन शब्दांवर खिळले. मुक्तछंदाने जी चाल वर्गातून घालवली, ती कागदावरच्या ठशातून परत येत होती.

मी सोलापुरात वाढलो. महापालिकेच्या शाळा येथे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या. लहानपणी साखर पेठेतून चालत गेले की एका खिडकीतून तेलुगू गाणे, पुढच्या वळणावर उर्दू पाठांतर, आणि मध्ये मागांचा खटखट ताल. ज्या गावाने पेशवाईच्या अखेरीस रामजोश्यांसारखा शाहीर दिला, तेथे चालींचा तुटवडा कधीच नव्हता. एकच मराठी कविता पंढरपूरकडचा मास्तर अभंगाच्या अंगाने म्हणे, आणि अक्कलकोटकडच्या मास्तराच्या तोंडी तिला कानडी हेल चढे. ठशामागे मुद्रण मात्र एकच असते. राज्यभर तीच चाल, तोच ठेका, तेच पेटीचे सूर. माझी धास्ती ही आहे. गाता न येणाऱ्या शिक्षकाला त्याने आधार दिला, हे निःसंशय मोठे काम. पण ज्याला येत होते, त्यानेही यंत्र लावून हात बांधून बसावे हे मला पटत नाही.

शिवाय यंत्राचा कान आणि आपला कान यांत अंतर आहे. मुलाचा सूर पकडून पडद्यावर रेघ काढणारे कार्यक्रम आता मोबाइलवर मिळतात. त्यातले पुष्कळसे पाश्चात्त्य वाद्यांच्या समान विभागणीवर बेतलेले असतात. सप्तकाचे १२०० भाग केले, तर त्या विभागणीचा गांधार ४०० वर बसतो आणि तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ वर. म्हणजे तंबोऱ्याशी मिळवून अचूक गाणाऱ्या पोरीला यंत्र 'उतरलीस' म्हणून लाल रेघ दाखवणार! आपल्या आकाशवाणीने याच भांडणापायी १९४० पासून कित्येक वर्षे पेटीला बंदी केली होती, आणि शाळेत तर पेटीच गुरुस्थानी. तेव्हा दोष एकट्या संगणकाचा नाही. निदान त्याचा कान दुरुस्त करता येतो. पेटीच्या सुरी कोण कानसत बसणार?

२०२० च्या टाळेबंदीत आणखी एक गोष्ट उघड झाली. दूरच्या पडद्यांवरून मुलांनी एकत्र कविता म्हणावी म्हटले, तर प्रत्येकाचा आवाज निरनिराळ्या विलंबाने पोचे, आणि समेवर कोणी कोणाला भेटेना. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाएवढा उशीरही ताल ढिला करावयास पुरतो. शिक्षकांनी त्यावर काढलेला तोडगा मोठा साधा होता. एकाने पुढे म्हणावयाचे, बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून घरी मागून म्हणावयाचे.

परितेवाडीचा तो ठसा सरकारी छापखान्यातच निघावा असे नाही. तो करणे कोणाही शिक्षकास फुकट व पाच मिनिटांचे काम आहे. मुद्रणास हातातला मोबाइल पुरतो. माढ्याच्या मास्तराने माढ्याची चाल भरावी, अक्कलकोटच्या बाईंनी कानडी हेलाची, पूर्व भागातल्या तेलुगू शाळेने मागावरची, आणि एकाच कवितेखाली तीन-चार ठसे चिकटवावेत. पुस्तकाच्या समासात तेवढी जागा खचित आहे.