दवाखान्यातले मृत्यू आणि घरातले मृत्यू

कोरोनाची कोणती लाट जास्त वाईट होती, यावर आजही चौकात वाद होतो. जो तो आकडे फेकतो. तर एकदा नीट हिशोब करू.

महाराष्ट्रात फेब्रुवारी 2021 च्या अखेरीस मृत्यूंची नोंद 52 हजारांच्या घरात होती. त्याच वर्षाच्या शेवटी ती 1 लाख 41 हजारांवर गेली. मार्च 2022 अखेर साधारण 1 लाख 47 हजार. म्हणजे पहिली लाट 52 हजार, दुसरी जवळपास 90 हजार, तिसरी 6 हजार.

आता गंमत बघा. शंभर बाधितांमागे मृत्यू मोजले तर पहिल्या लाटेत सुमारे 2.4, दुसऱ्या लाटेत 2 आणि तिसऱ्या लाटेत अर्धा. टक्केवारी बघणारा म्हणेल, दुसरी लाट पहिलीपेक्षा सौम्य! पण दुसऱ्या लाटेत बाधितच दुपटीहून जास्त होते. टक्का घसरला, तिरड्या वाढल्या. तिसऱ्या लाटेपर्यंत बहुतेकांना लस तरी मिळाली होती, नाहीतर आजार तरी होऊन गेला होता. म्हणून नुसत्या टक्क्यावरून लाटांची तुलना करू नये.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. हे आकडे तपासणी झालेल्यांचे. मुलचेऱ्याच्या आतल्या गावातून अहेरी किंवा गडचिरोली गाठायची म्हणजे गाडी पाहिजे, पैसा पाहिजे, सोबत माणूस पाहिजे. जो ताप अंगावर काढून घरीच गेला, तो कोणत्या लाटेत मोजणार?

हे नवीन नाही. 1918 चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत आला, तेव्हा सौम्य होता. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट मात्र काळ होऊन आली. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता आणि हा प्रांत देशात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्यांपैकी एक. खेड्यात डॉक्टर नव्हता. गावचा कोतवाल मृत्यू सांगायचा आणि कारणापुढे बहुतेक वेळा एकच शब्द पडायचा, ताप. सरकारचा पहिला अंदाज देशभरात 60 लाखांचा होता. पुढे अभ्यासकांनी जनगणनेवरून हिशोब मांडला, तो सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत गेला.

शंभर वर्षांनी तेच. 2020-21 साठी भारताचा अधिकृत आकडा 4.8 लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 47 लाख. सरकारने तो मान्य केला नाही.

हा वाद फक्त इतिहासाचा नाही. मृतांच्या वारसांना 50 हजारांची मदत मिळाली, पण त्यासाठी कोरोनाचा पुरावा लागत होता. तपासणी नाही तर कागद नाही, कागद नाही तर मदत नाही.

म्हणून एक काम करा. आपल्या ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंद असते. एप्रिल-मे 2019 आणि एप्रिल-मे 2021 चे मृत्यू शेजारी शेजारी ठेवून बघा. गाव लहान असेल तर दहा-बारा गावांचे एकत्र करा. कारण काहीही लिहिलेलं असो, जास्तीची माणसं कुठंतरी गेलीच ना? आणि ज्यांची नोंदच नाही, त्यांची नावं म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून आत्ताच लिहून ठेवा. 1918 ची तशी वही आपल्याकडे नाही. 2021 ची तरी असू द्या.