झ्विकाऊच्या खाणीतील रुपेरी गाड्या : पन्नास वर्षांनी घरी परतण्याची गोष्ट

#थ्रेड

१/ ३ सप्टेंबर १९३९. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, त्याच दिवशी बेलग्रेडच्या रस्त्यांवर मोटारींची एक शर्यत पार पडली. इटालियन चालक तात्सिओ नुवोलारी ती जिंकला. त्याची गाडी होती जर्मनीच्या ऑटो युनियन या कंपनीची. या गाड्यांची ती शेवटची मोठी शर्यत ठरली. पुढे त्यांतील बहुतेक नाहीशा झाल्या. ज्या उरल्या त्या कोणी दडवल्या, कोणी नेल्या आणि कोणी विकत घेऊन परत आणल्या, याचा हा थ्रेड.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. जागतिक मंदीच्या तडाख्यात १९३२ साली ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्ख आणि वाँडरर या चार कंपन्या एकत्र आल्या आणि ऑटो युनियन जन्माला आली. आज ऑडीच्या गाडीवर दिसणाऱ्या चार कड्या म्हणजे त्याच चार कंपन्या. कंपनीचे मुख्यालय केम्निट्झला होते. शर्यतीच्या गाड्या जवळच्या झ्विकाऊ गावी, होर्खच्या कारखान्यात तयार होत.

३/ १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. जर्मन गाड्यांनी युरोपभरच्या शर्यती जिंकाव्यात, यासाठी नाझी राजवटीने मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन या दोघांना सरकारी अनुदान दिले. या रुपेरी गाड्यांना पुढे ‘सिल्व्हर ॲरोज’ हे नाव पडले. त्यांचा पराक्रम खरा होता आणि त्यामागे राज्यसत्तेचा पैसा व प्रचार होता, हेही तितकेच खरे. ऑटो युनियनचा लाडका चालक बेर्न्ड रोझमायर २८ जानेवारी १९३८ रोजी वेगाच्या विक्रमाचा प्रयत्न करताना ऑटोबानवर मरण पावला. राजवटीने त्याच्या मृत्यूचाही उत्सव केला.

४/ या गाड्यांत नवे काय होते? इंजिन चालकाच्या पाठीमागे. त्या काळी शर्यतीच्या गाडीचे इंजिन पुढे असणे हाच रिवाज होता. फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या पहिल्या गाड्यांत सोळा सिलिंडरांचे इंजिन होते. १९३८ पासून नियम बदलले आणि तीन लिटरची मर्यादा आली. मग एबेरान फॉन एबरहोर्स्ट यांच्या देखरेखीखाली बारा सिलिंडरांची ‘टाइप डी’ तयार झाली. १९३९ मध्ये तिला दुहेरी सुपरचार्जर बसवल्यावर ताकद ४८५ अश्वशक्तीपर्यंत गेली. आजच्या फॉर्म्युला वन गाडीतही इंजिन चालकाच्या मागेच असते.

५/ युद्ध सुरू झाल्यावर शर्यती थांबल्या. कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि रुपेरी गाड्या झ्विकाऊ परिसरातील एका खाणीत दडवून ठेवल्या गेल्या. बॉम्बवर्षावातून त्या वाचल्या.

६/ येथे थांबणे आवश्यक आहे, कारण गाड्यांच्या कथेत माणसे सहज विसरली जातात. ऑडीनेच करवून घेतलेला इतिहासकार रूडोल्फ बोख आणि मार्टिन कुकोव्स्की यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार एसएसने खास उभारलेल्या सात छावण्यांतील ३,७०० हून अधिक कैद्यांना ऑटो युनियनसाठी राबवले गेले. त्यांखेरीज हजारो वेठबिगार कारखान्यांत होते. लाइटमेरिट्झ येथील छावणीत सुमारे ४,५०० कैदी मृत्युमुखी पडले आणि त्याची नैतिक जबाबदारी या अभ्यासाने कंपनीवर ठेवली. गाड्या खाणीत सुरक्षित होत्या, तेव्हा बाहेर हे चालले होते.

७/ एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य झ्विकाऊत शिरले. मात्र दोस्तांनी आधीच ठरवलेल्या विभागणीनुसार सॅक्सनी सोव्हिएत रशियाच्या वाट्याला होती. जुलैत अमेरिकन गेले आणि लाल सैन्य आले. त्याच महिन्यात सुरू झालेल्या पॉट्सडॅम परिषदेत असे ठरले, की सोव्हिएत संघाने आपली युद्धभरपाई मुख्यतः आपल्या ताब्यातील भागातून वसूल करावी. खाणीतल्या गाड्या सापडल्या आणि त्या भरपाईत पूर्वेकडे रवाना झाल्या.

८/ याला लूट म्हणावे की वसुली? पश्चिमेकडील अनेक लेखांत ‘रशियनांनी पळवल्या’ असे सरळ लिहिलेले असते. पण या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली होती, शहरेच्या शहरे भुईसपाट झाली होती. कारखान्यांतील यंत्रे, रेल्वेचे रूळ, प्रयोगशाळा असे पुष्कळ काही जर्मनीतून नेले गेले. त्या प्रचंड यादीत या गाड्या म्हणजे एक किरकोळ नोंद. विजेत्याच्या दृष्टीने तो हिशेब होता, पराभूताच्या दृष्टीने लूट. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही शब्द का वापरले गेले, हे पाहावे.

९/ सोव्हिएत संघात या गाड्या मॉस्कोची ‘नामी’ ही संशोधन संस्था आणि मोटारींचे मोठे कारखाने यांच्याकडे अभ्यासासाठी वाटल्या गेल्या. त्या उघडल्या गेल्या, तपासल्या गेल्या. पण त्यांना लागणारे खास मद्यार्कमिश्रित इंधन, सुटे भाग आणि ती यंत्रे ओळखणारे हात तेथे नव्हते. ट्रक आणि ट्रॅक्टर यांची निकड असलेल्या देशाला ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या एकासनी गाडीचा उपयोग तो काय? एकेक गाडी कोपऱ्यात पडली, मोडली, भंगारात गेली.

१०/ इकडे जर्मनीची फाळणी झाली. झ्विकाऊ आणि केम्निट्झ पूर्व जर्मनीत राहिले. १९४९ मध्ये ऑटो युनियन पश्चिमेला, इंगोलश्टाटला नव्याने उभी राहिली. पण तिच्यापाशी स्वतःचा शर्यतीचा वारसा जवळजवळ नव्हताच. लोखंडी पडद्याच्या पलीकडे काही उरले आहे की नाही, हेही कळण्यास मार्ग नव्हता.

११/ पहिला धागा रीगामध्ये सापडतो. लॅटव्हिया तेव्हा सोव्हिएत संघाचा भाग होता आणि तेथील जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींनी आपला क्लब स्थापन केला होता. त्याचे प्रमुख व्हिक्टर्स कुल्बेर्ग्स यांना समजले, की मॉस्कोच्या झिल कारखान्यातील एक ऑटो युनियन गाडी मोडीत निघणार आहे. १९७६ साली त्यांनी ती वाचवून रीगाला नेली. घाटशर्यतींसाठी बांधलेली, टाइप डीच्या सांगाड्यावर सोळा सिलिंडरांचे इंजिन चढवलेली ही गाडी. भंगाराची भट्टी आणि संग्रहालय यांच्यामधले अंतर एका माणसाच्या धडपडीने ठरले.

१२/ दुसरा धागा अमेरिकेतून येतो. फ्लोरिडाचे संग्राहक पॉल कारासिक आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांनी सोव्हिएत संघात या गाड्यांचा माग काढला. हा शोध सुमारे दशकभर चालला. अखेर रशिया आणि युक्रेनमध्ये त्यांना दोन टाइप डी गाड्यांचे अवशेष मिळाले : सांगाडे, इंजिने, गिअरपेट्या, सुटे भाग. तो काळ शीतयुद्धाच्या उतरणीचा होता. वस्तू विकत घेणे एक आणि ती सीमेपार नेणे दुसरे. सुट्या भागांच्या रूपात ती संपत्ती पश्चिमेला पोहोचली आणि तेथून फ्लोरिडाला गेली.

१३/ जुनी, बंद पडलेली गाडी विकत घेऊन चालवत घरी न्यावी, हे अनेक शौकिनांचे स्वप्न असते. येथे ते शक्यच नव्हते. मूळ पत्रा उरला नव्हता. कारासिक यांनी काम इंग्लंडच्या क्रॉस्थवेट अँड गार्डिनर या कार्यशाळेकडे सोपवले. जे भाग उरले होते ते तपासून जुळवले गेले, जे नव्हते ते नव्याने घडवले गेले. गाडीचे अंग जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा ठोकले गेले. एक गाडी १९३८ च्या रूपात तयार झाली, दुसरी १९३९ च्या दुहेरी सुपरचार्जरसह.

१४/ १ ऑक्टोबर १९९४. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग. याच मैदानावर ऑटो युनियन आणि मर्सिडीज लाखोंच्या गर्दीपुढे झुंजल्या होत्या. बेलग्रेडनंतर ५५ वर्षांनी, खाणीतून गेल्यावर जवळपास ५० वर्षांनी, त्या गाड्या जर्मन भूमीवर स्वतःच्या चाकांवर धावल्या.

१५/ पण गोष्ट येथे संपत नाही. २००७ मध्ये कारासिक यांनी शोधलेल्या गाड्यांपैकी एक पॅरिसमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात निघणार होती. ऐन वेळी तो लिलाव पुढे ढकलावा लागला. कारण सांगाड्याचा क्रमांक आणि गाडीच्या नावे सांगितला जाणारा शर्यतींचा इतिहास यांचा मेळ नव्याने तपासण्याची गरज निर्माण झाली. आपल्याकडे अस्सल कागद आणि बखर यांत जो भेद करतात, तोच हा भेद. ‘हीच ती विजयी गाडी’ ही बखर. सांगाड्यावर ठोकलेला आकडा आणि कारखान्याची नोंद हा अस्सल कागद. दोन्ही जुळले तरच विधान टिकते.

१६/ २०१२ मध्ये दुहेरी सुपरचार्जरची ती गाडी ऑडीने विकत घेतली. रीगाची घाटशर्यतीची गाडीही त्याआधीच ऑडीकडे आली होती, आणि तिची हुबेहूब प्रतिकृती रीगाच्या संग्रहालयाला मिळाली. ‘सिल्व्हर ॲरोज घरी परतले,’ असे त्या वेळी सर्वत्र लिहिले गेले.

१७/ पण घर म्हणजे कोणते? गाड्या घडल्या झ्विकाऊत, आज त्यांचा मालक आहे इंगोलश्टाटचा. रीगाच्या हौशी मंडळींनी एक वाचवली नसती आणि फ्लोरिडाच्या दांपत्याने दोन शोधल्या नसत्या, तर परत घ्यायला काही उरलेच नसते. माझ्या मते या तिघांचाही हक्क थोडाथोडा आहे. आणि या गाड्या जेथे कोठे उभ्या असतील, तेथे नुवोलारीच्या विजयांसोबत लाइटमेरिट्झच्या त्या ४,५०० जणांचाही उल्लेख असावा. तो नसेल, तर परत आली ती केवळ गाडी; तिचा इतिहास अजून वाटेतच आहे.

(समाप्त)