बांध कोरला तर दंड : लॅक्स्टन गावाची हकीकत

नोकरीत काही वर्षं निपाणी भागातल्या शाखेत होतो. पीककर्जाच्या कागदांबरोबर बांधाची भांडणंही टेबलावर यायची. शेजाऱ्यानं नांगराचं एक तास जास्त मारलं, की सख्खे चुलतभाऊ कोर्टात. दोन पिढ्या तारखा चालायच्या आणि सातबारावर बोजा तसाच.

म्हणूनच मुलीकडे नॉटिंगहॅमला गेलो तेव्हा त्याच परगण्यातलं लॅक्स्टन हे गाव मुद्दाम बघून आलो. इंग्लंडात पूर्वी बहुतेक गावांची शेती सामाईक मोठ्या रानांत असे आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यात लांबट पट्ट्या येत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटनं हजारो कायदे करून ही रानं कुंपणं घालून वाटून टाकली. त्यात गरिबांची चराईसुद्धा गेली. लॅक्स्टनमध्ये वाटणी सुरू झाली, पण दोन जमीनदार उमरावांचं एकमेकांशी पटेना, म्हणून ती अर्धवटच राहिली. भांडणामुळे काही वाचलं, असं हे एकच उदाहरण माझ्या बघण्यात आहे!

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साऊथ फील्ड अशी तिथे तीन रानं आहेत. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला, असा दर वर्षी फेरपालट. पट्ट्यांमध्ये कुंपण नाही. 1635 साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं पट्टीन्‌पट्टी दाखवणारा नकाशा केला, तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तेव्हाच्या मानानं पट्ट्या आता खूप कमी आणि रुंद झाल्यात, रानंही आकसलीत. पण रीत तीच.

आता मुख्य गोष्ट. तिथे ‘कोर्ट लीट’ नावाची गावची अदालत अजून भरते. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच गव्हाचं रान पायी फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, कुणी वाटेत किंवा सामाईक गवतात नांगर घातला असेल तर टिपून ठेवतात. मग डव्हकोट इन या गावच्या खानावळीत जेवण. आठवड्याभरानं अदालत बसते आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळ, पण सगळा निवाडा गावासमोर. 1977 च्या कायद्यानं देशातल्या असल्या जुन्या अदालतींचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे मात्र राखले.

आपल्याकडे 1947 साली मुंबई प्रांतानं तुकडेबंदीचा कायदा केला. तुकडे म्हणजे तोटा, असंच आम्ही शिकलो, आणि हिशेबानं ते खरंही आहे. लॅक्स्टनच्या कुळांनाही मोठी यंत्रं अरुंद पट्टीत वळवताना त्रास होतोच. पण बांधाचा निकाल वर्षाच्या आत आणि वकिलाशिवाय लागतो, ही बचत कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

मालकी मात्र फिरत राहिली. 1952 साली अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून शेतकी खात्याकडे, 1981 ला क्राऊन इस्टेटकडे. पुढे क्राऊन इस्टेटनंही विकायला काढलं, तेव्हा रानांचं काय होणार, ही गावाला धास्ती होती. 2020 मध्ये ते मॅनव्हर्स यांच्याच वारसांच्या थोर्सबी इस्टेटनं घेतलं. अदालत चालूच आहे. यंदाचे पंच सुटतात, नवे शपथ घेतात, आणि पुढच्या हिवाळ्यात पाळी दुसऱ्या रानाची.