हौद्यातलं पाणी

परवा रात्री बाराच्या पुढे खाली गल्लीत कसलीशी धावपळ ऐकू आली म्हणून खिडकी उघडली. आभाळ गडगडत होतं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले, म्हणजे पावसानं तोंड दाखवायचं खरं तर काही कारण नव्हतं, पण हल्ली त्याला कारण लागत नाही! समोरच्या घरापुढे पिकअप उभी. हौद्यात फाळक्याच्या वर छातीभर कापूस रचलेला, सकाळी जिनिंगला न्यायचा. आणि गाडीवाला पोरगा एकटाच त्याच्यावर ताडपत्री ओढायच्या खटपटीत. मी खाली गेलो. आमच्या जुन्या शहरात अजून एवढं चालतं. कुणी ताडपत्री ओढत असेल तर दुसरं टोक धरायला कुणीतरी जातंच.

"काका, धरा तं जरासक. मधात बांबू टाकतो, नाई तं पानी साचते," तो म्हणाला.

गाडीच्या या भागाला आपण हौदा म्हणतो, तो हत्तीवरचा हौदा. मूळ अरबी 'हौदज', म्हणजे उंटावरची बसायची पालखी. पाण्याचा हौद हा शब्दही अरबीच, पण वेगळा, 'हौज'वरून आलेला. दोघांचा काही संबंध नाही. टाटांनी २००५ साली एस गाडी आणली, तिला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणायला सुरुवात केली आणि हत्तीवर हौदा पुन्हा आपोआप बसला. पावसात मात्र हौद्याचा हौद व्हायला दहा मिनिटं पुरतात. असो, विषयांतर झालं.

पाणी वरून येतं असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. ताडपत्री सपाट पसरली की मधे खळगा पडतो, त्यात पाणी साचतं, वजनानं खळगा वाढतो आणि शेवटी कुठल्यातरी बारक्या भोकातून सगळं आत. म्हणून मधे आढ्यासारखा बांबू घालून दोन्हीकडे उतार काढायचा. दोन ताडपत्र्या असतील तर पुढची मागचीवर चढवायची, कौलांसारखी, म्हणजे गाडी पळताना वारा आत शिरत नाही. तरीही फाळक्याच्या फटीतून, कोपऱ्यातून, मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी येतंच. पत्र्याच्या तळाला पन्हळी असतात, त्यांतून ते गुपचूप खालच्या थरापर्यंत जातं. जाणते गाडीवाले म्हणून खाली फळ्या किंवा पळाटी टाकतात आणि तळाची भोकं मोकळी ठेवतात. आणखी एक गंमत म्हणजे प्लास्टिकनं फार घट्ट गुंडाळलं तर कापसाची स्वतःचीच वाफ आत अडकते. ओला कापूस दाबून ठेवला की गरम होतो, पिवळा पडतो. म्हणजे बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची. सांगायला सोपं आहे!

वऱ्हाडातला माणूस हे कोडं निदान दोनशे वर्षं सोडवतो आहे. रेल्वे यायच्या आधी इथला बराच कापूस मुंबईला नाही, तर गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. अमरावतीहून सुमारे पाचशे मैल, बैलांच्या पाठीवरून, दोन्ही अंगांना एकेक गोणी. तिथून नावेनं कलकत्त्याला. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्यानं या वाटेनं एक लाख बैल कापूस पाठवल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. एक लाख बैल! ही गोणी रोज रात्री उतरवायची आणि सकाळी पुन्हा लादायची. कापूस गाठीसारखा दाबलेला नाही, मोकळा. मधेच पाऊस गाठला तर तो पाणी पिऊन जड होणार, आणि खाली आपली काळी माती. तिच्यात भरल्या पाठीचा बैल रुतला की रुतला.

हे ओलं गणित लंडनमध्येही मांडलं जात होतं. जी.आय.पी. रेल्वेची कल्पना लावून धरणारे जॉन चॅपमन यांनी १८५१ मध्ये हिंदुस्थानातला कापूस आणि व्यापार यांवर एक पुस्तकच लिहिलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो इथून बंदरापर्यंत धड पोचत नव्हता. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६७ मध्ये लोहमार्ग आपल्या अकोल्यावरून नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावच्या बाजारासाठी जलंबहून खास फाटा काढला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढी घाई कापसाची.

विलायतेतल्या रेल्वे कंपन्या उघड्या वॅगनींवर कॅनव्हास घालत. त्याला जवसाचं तेल आणि काजळी चोपडलेली असे, पाणी आत येऊ नये म्हणून. जवस हे आपलंही पीक, मध्य प्रांत-वऱ्हाडातून ते भरपूर विलायतेला जाई. त्यातलं थोडं तेल तिकडच्या कुठल्यातरी वॅगनीवरच्या कापडाला लागलं असेल, असं आपलं मला वाटून जातं. इंग्रजीतल्या 'टारपॉलिन'मध्ये डांबर आहे, त्याचाच हिंदीत तिरपाल झाला. आपल्या ताडपत्रीत मात्र ताडाचं पान दिसतं, तेही बरोबरच म्हणायचं, कारण झावळ्यांनी छप्पर झाकायची रीत कॅनव्हासपेक्षा कितीतरी जुनी.

पण या सगळ्या सोयी सुरू झाल्या त्या स्टेशनापासून पुढे. जिनात सरकी वेगळी झाली, रुई दाबून गाठ झाली, मग गाठीवर छप्पर आलं. शेत ते बाजार हा पहिला टप्पा होता तसाच उघडा राहिला. तो बंडीवर. वर बारदाना, घोंगडी, जे असेल ते. अकोल्यात तर जुनं शहर मोर्णेच्या पश्चिमेला आणि स्टेशन पूर्वेला, म्हणजे आमच्या बाजूच्या बंड्यांना शेवटी नदीही ओलांडायची.

आणि भिजलेल्या कापसाकडे बाजार कधी दयेनं बघत नाही, संशयानं बघतो. वजन वाढवायला कापसावर पाणी मारतात, ही तक्रार फार जुनी. कापसातल्या भेसळीसाठी मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. लबाडी होत होती, नाही असं नाही. पण वाटेत पाऊस लागलेल्याचा कापूसही दिसायला तसाच!

माझ्या लहानपणी एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची. केंद्राबाहेर बंड्यांची रांग कधी दोन-दोन दिवस हलत नसे. बाबा बंडीखाली झोपत, मी हट्टानं वर. कापडाची जुनी ताडपत्री होती आमची. पाऊस आला की तिचे धागे फुगून भोकं बुजत आणि ती गळायची थांबे. फक्त आतून हात लावायचा नाही. लावला की नेमकं तिथूनच ठिबकायला लागतं. एका रात्री मी बोट लावलं. कुतूहल, दुसरं काय! सकाळपर्यंत हातभर कापूस ओला. ग्रेडरनं नेमका तिथंच हात घातला आणि पूर्ण बंडीची प्रत उतरवली. बाबा मला रागावले नाहीत. घरी येईपर्यंत बोललेच नाहीत, ते जास्त लागलं. प्लास्टिकच्या ताडपत्रीला आतून खुशाल बोट लावा, काही होत नाही. ती आल्यावर मला पहिल्यांदा हेच आठवलं होतं.

आता हातानं नाही, मीटरनं बघतात. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्यामागे कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की घेतच नाहीत. मीटरला पाऊस आणि लबाडी यांतला फरक कळत नाही, पण निदान तो तोंडावर संशय तरी घेत नाही.

त्या रात्री पाऊण तास कोसळला. पोरगा मधूनमधून बॅटरी घेऊन कोपरे चाचपत होता. याच गल्लीतून श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हा पोरगा गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं राजराजेश्वराला घेऊन जातो, थेंब सांडू नये म्हणून जपत. परवा तो थेंब आत येऊ नये म्हणून जागा होता.

सकाळी फाळक्याजवळचा कापूस ओला निघालाच. बाकी माल कोरडा. त्यानं ओला तेवढा काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, तुमच्या गच्चीवर वाळू घालू काय?" दुपारी फोन आला. मीटर साडेनऊवर थांबलं होतं, थोडी कपात झाली, पण गाडी परत आणावी लागली नाही. गच्चीवरचा कापूस अजून पसरलेला आहे आणि आमचे कपडे दोन दिवस घरातच वाळताहेत.