त्र्यंबकेश्वरीचा कार्तिक

क्षेत्र त्र्यंबकेश्वर म्हटले की आपल्या वारकरी मंडळींना पौष वद्य एकादशी आठवते. निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा, गावोगावच्या दिंड्या, थंडीत कुशावर्तावर केलेले स्नान. इतर भाविकांना श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी आठवते, नाहीतर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ. हे सगळे गर्दीचे दिवस. २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या घरात वस्ती असलेले हे डोंगराच्या कुशीतले गाव त्या दिवसांत स्वतःचे राहतच नाही. ते आल्यागेल्याचे होते. गाव गावाचे असते ते शरदात. आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने येथे काय चालते, त्याचा इतिहास काय, हे आज मांडायचे आहे. कारण माझ्या समजुतीने संप्रदायाचे एक मोठे गुपित याच दोन महिन्यांत उघडे पडते, आणि आपण पौषात घाईने येऊन घाईने परत जातो म्हणून ते आपल्या नजरेतून सुटते.

पाऊस ओसरतो तेव्हा ब्रह्मगिरीवरून उतरणारे ओहोळ गढूळपणा टाकतात. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळते असे जुनी माणसे सांगत. गंगाद्वार, कुशावर्त आणि पुढची गोदावरी, सगळीकडचे पाणी आता तळ दाखवू लागते. आसपासच्या पाड्यांवर भाताची कापणी सुरू होते, नागली आणि वरई पिकते. नवरात्रात नीलपर्वताच्या पायऱ्या चढून मंडळी नीलांबिकेच्या दर्शनाला जातात. मग दसरा, आणि पाठोपाठ कोजागरी. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायातला शरदाच्या चांदण्याचा आणि चकोराच्या पिलांचा दृष्टांत वाचकांना पाठ असेल. तो दृष्टांत कळायचा तर कोजागरीला अशा डोंगराखालच्या गावात उभे राहावे. चार महिने ढगांनी झाकलेला कडा त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसतो.

त्याच आश्विन पौर्णिमेपासून काकडा बसतो.

काकडआरती ही आपल्याकडे इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिचा विचार कोणी करत नाही. आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा, पूर्ण एक महिना, पहाटे चारच्या सुमारास देवळात जमायचे. मंगलाचरण, मग काकड्याचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळा, पांगुळ, जोगी, पुढे गौळणी आणि शेवटी आरती. हा क्रम नीट पाहा. देवाला उठवायला कोण येते? कोणी राजा नाही, कोणी आचार्य नाही. दारोदार फिरणारा वासुदेव येतो, ज्याला दिसत नाही तो येतो, ज्याला चालता येत नाही तो येतो. संतांनी ही सोंगे रचली तेव्हा गावाच्या उंबऱ्याबाहेर राहणाऱ्यांना देवाच्या निजघरात पहिला प्रवेश दिला. मी हयातभर कीर्तने केली, पण काकड्याइतके निरहंकारी भजन दुसरे नाही असे माझे मत आहे. कीर्तनात एक उभा राहून बोलतो आणि बाकीचे ऐकतात. त्याला हार घालतात, बिदागी देतात. काकड्यात वीणा या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते आणि आवाज बसलेला माणूसही तितक्याच हक्काने टाळ वाजवतो.

आता त्र्यंबकेश्वरातल्या मोठ्या वास्तूंकडे पाहू. ज्योतिर्लिंगाचे आजचे दगडी देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या सुमारास बांधायला घेतले आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. नानासाहेब १७६१ मध्येच गेले, म्हणजे बांधवणाऱ्याला कळस पाहायला मिळाला नाही. कुशावर्ताचे बांधकाम इंदूरच्या होळकरांचे फडणवीस पारनेरकर यांनी केले. त्रिपुरी पौर्णिमेला निघणारा रथ विंचूरच्या सरदार विंचूरकरांनी एकोणिसाव्या शतकात अर्पण केला. या सगळ्यांचे ऋण आहेच. पण काकडा कोणी अर्पण केला? त्याला सनद नाही, इनाम नाही, शिलालेख नाही. आजचे तेल एका घरचे, उद्याचे दुसऱ्या घरचे, प्रसाद तिसऱ्याचा. राज्ये गेली, संस्थाने विलीन झाली, इनामे संपली. काकडा चालूच राहिला, कारण त्याच्यापासून काढून घेण्यासारखे कोणाकडे काही नव्हते.

मघाशी गुपित म्हटले, ते हरिहराचे.

सिंहस्थाचा इतिहास फारसा सुखाचा नाही. पेशवाईच्या काळात स्नानाचा मान आधी कोणाचा, यावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात येथे शस्त्रे चालली, रक्त सांडले. मेलेल्यांच्या आकड्यांच्या वादात मी शिरत नाही. तीर्थाच्या पायरीवर एक जरी प्रेत पडले तरी पुरे. शेवटी वाटणी झाली. वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर नाहावे, शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तावर. ही वाटणी आजही तशीच आहे. २०१५ च्या सिंहस्थात ती होती आणि २०२७ मध्येही असणार. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने निवाडा योग्यच होता. भांडणारे दोघे एका घाटावर ठेवता येत नसतील तर दोन घाट द्यावेत. पण तीस किलोमीटरच्या अंतराने शांतता मिळते, समेट होत नाही.

आणि गंमत अशी, की ज्या नाशिक-त्र्यंबकात बारा वर्षांनी हरी आणि हर वेगळे नाहतात, त्याच ठिकाणी दर कार्तिकात ते एकमेकांना भेटतात. कार्तिक शुद्ध चतुर्दशी ही वैकुंठ चतुर्दशी. त्या रात्री शंकराला तुळस वाहतात आणि विष्णूला बेल. एरवी ज्याला जे वर्ज्य, तेच त्या एका रात्री प्रिय. नाशिकला कपालेश्वर आणि सुंदरनारायण यांची त्या मध्यरात्री हरिहर भेट होते. कपालेश्वराचे देऊळ रामकुंडासमोरच आहे. म्हणजे जो घाट निवाड्याने वैष्णवांच्या वाट्याला गेला, त्याच घाटावर महादेव दर वर्षी तुळस धारण करतो. त्र्यंबकचे लिंगही पाहा. तेथे इतर ठिकाणांसारखी वर आलेली शाळुंका नाही. खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. शैवांच्या वाट्याला आलेल्या देवळाच्या गाभ्यातच विष्णू बसलेला आहे, त्याला कोणत्या घाटावर पाठवणार?

दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. शंकराने त्रिपुरासुराची तीन पुरे जाळली ती कथा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या युद्धात पृथ्वीचा रथ होता, ब्रह्मदेव सारथी होता आणि बाण साक्षात विष्णू होता, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. हर धनुष्य ताणतो आणि हरी सुटतो, तेव्हा असुर पडतो. त्र्यंबकराजाचा रथ त्या दिवशी देवळातून कुशावर्ताकडे निघतो, देवळात आणि घरोघर दिवे लागतात, बायका साडेसातशे वातींचा त्रिपुर जाळतात. रथ ओढला जातो तो गावाच्या गल्ल्यांतून, आणि तो पाहायला त्या दिवशी मुख्यतः गावच जमलेले असते. यात्रेकरूंची व्यवस्था, दर्शनाची रांग, पूजेची गडबड यांतून सुटलेला पुरोहितही त्या संध्याकाळी आपल्या ओट्यावर पणती लावतो.

हे हरिहराचे ऐक्य पुराणात असेल, पंचांगात असेल. पण ते माणसांत उतरले निवृत्तिनाथांमुळे. परंपरा सांगते की विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, सगळे पांगले आणि लहानगा निवृत्ती एका गुहेत शिरला. तेथे गहिनीनाथ बसले होते. गहिनीनाथ कोण? आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष या शैव परंपरेतले योगी. ज्ञानोबारायांनी अठराव्या अध्यायाच्या शेवटी ही मालिका स्वतः सांगितली आहे. त्या शैव गुहेतून बाहेर पडताना मुलाच्या ओठांवर काय होते? कृष्णभक्ती. नाथपंथाचा योग आणि विठ्ठलाचे नाम यांची गाठ त्या डोंगरात पडली आणि पुढे शके १२१२ मध्ये नेवाशाला तिची ज्ञानेश्वरी झाली. विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग आहे असे आपण मानतो, ती नुसती मूर्तिशास्त्राची गोष्ट नाही. आपला संप्रदायच तसा घडला आहे.

वाघावरून आणखी एक आठवले. सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस असते. आपण घरी वसुबारस म्हणून गाय-वासरू पुजतो. त्याच दिवशी ही मंडळी वाघदेवाला पुजतात. गुराखी पोरे घरोघर धान्य मागतात, वाघदेवासमोर नैवेद्य होतो, गुरे सांभाळ म्हणून मागणे होते. गाय आणि वाघ एकाच तिथीला! कथेकऱ्यांनी निवृत्तिनाथांच्या वाघाचे रूपक करून टाकले. संसाराचे भय वगैरे. मीही कीर्तनात तसेच सांगत असे आणि त्यात गैर काही नाही. पण पाड्यावरच्या माणसाला वाघ हा वाघ होता. तो त्याने देव केला, आणि आपल्या नाथांना तर त्यानेच गुरूच्या दारी पोचवले. दोन्हीकडची श्रद्धा डोंगराच्या एकाच अंगाला जन्मली आहे. काकड्याला येणाऱ्या कित्येकांच्या घरी वाघबारसही होते आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

आता काळजीचे बोलतो. गेल्या काही वर्षांत मी नाशिककडच्या गावांत जेथे जेथे काकड्याला बसलो, तेथे टाळकऱ्यांची वये वाढलेली दिसली. तरुण मुले नास्तिक झाली म्हणावे तर तसे नाही. ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर असतात. रात्रपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्या पोराला चार वाजता पखवाजावर बसव कसे म्हणावे? पूर्वी काकडा आटोपून माणसे थेट भाताच्या शेतात जात. शेतीचे वेळापत्रक आणि देवाचे वेळापत्रक एकमेकांना ओळखत होते, भोंग्याचे वेळापत्रक कोणालाच ओळखत नाही. काही गावांनी तोड काढली आहे. ज्याची ज्या आठवड्यात दिवसपाळी, त्याच्याकडे त्या आठवड्याची वीणा. मला ही तोड फार आवडली. नियम मोडला असे कोणी म्हणू नये. वीणा खाली ठेवली जात नाही एवढे पुरे.

येत्या सिंहस्थासाठी त्र्यंबकला मोठी तयारी चालेल, घाट रुंदावतील, रस्ते होतील. यात्रेकरूंची सोय व्हायलाच हवी. मात्र जे पैसे तेथे खर्च होतील त्यांतल्या एका पैशाचीही काकड्याला गरज नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. ते लक्ष आपणच द्यायचे आहे. पौषात निवृत्तिनाथांच्या दारी जाणाऱ्या दिंड्यांनी एखाद्या वर्षी दोन-चार माणसे कार्तिकातही तेथे पाठवावीत. राहायला फार जागा लागत नाही.

निवृत्तिनाथांच्या स्वतःच्या आयुष्यात हा ऋतू सर्वांत कठीण होता. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबारायांनी आळंदीत समाधी घेतली. धाकटा भाऊ आणि शिष्यही. नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत तो प्रसंग लिहून ठेवला आहे. ज्याने आयुष्यभर निवृत्तीचा उपदेश केला त्या थोरल्या भावाचे दुःख त्यात लपवलेले नाही. पुढच्याच महिन्यात सासवडला सोपानदेव गेले, वैशाखात मुक्ताई गेल्या. ज्येष्ठात, शके १२१९ मध्ये, निवृत्तिनाथ त्र्यंबकला आले आणि जेथे गुरू भेटले त्याच डोंगराच्या पायथ्याशी समाधिस्थ झाले. गुरू शेवटी गेला. सगळ्यांना वाटेला लावून मग गेला.

म्हणून त्रिपुरी पौर्णिमेला काकड्याची सांगता होते तेव्हा या भागातल्या वारकऱ्याचे मन देवळात पूर्ण रमत नाही. काला होतो, दहीहंडी फुटते, पंगत बसते. नव्या तांदळाचा भात असतो. पत्रावळी उचलून होतात न होतात तोच काही जण पिशव्या भरू लागतात. नाशिक जिल्ह्यातून पायी दिंड्या आळंदीकडे निघालेल्या असतात, त्यांना वाटेत गाठायचे असते. वद्य एकादशीला इंद्रायणीवर पोचायला अकराच दिवस हातात असतात.